गुडघ्याची साक्ष

माझा उजवा गुडघा बरा झालेला नसताना, तो बरा झाला असं मी भरल्या हॉलमध्ये उभी राहून सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाही, दोन उठाबशाही काढून दाखवल्या. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. एवढ्या वयात माणसाला अक्कल आलेली असते असं माझी नातवंडं समजतात. त्यांचा तो समज आज मोडते.

आमची परळची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जुन्या वळणाचं. कुणी आजारी पडलं की पाळकसाहेबांनी घरी यावं, कपाळाला तेलाचं बोट लावावं, चार वाक्यांची प्रार्थना करावी आणि चहा घेऊन जावं. बरं वाटलं तर देवाचे आभार, नाही वाटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेल, पुन्हा चहा. त्या वर्षी मात्र आजाऱ्यांसाठी खास सभा ठेवली होती आणि बाहेरगावचे एक उपदेशक बोलावले होते. गोड आवाजाचा माणूस. प्रार्थना संपल्यावर ते म्हणाले, "ज्यांना बरं वाटतंय त्यांनी आत्ताच साक्ष द्या. घरी जाऊन वाट बघत बसलात तर शंका दार ठोठावेल."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आमच्या बहिणींच्या सभेत एक बाई होती, तिच्याकडे दर महिन्याला नवी साक्ष असायची. कधी पाठ, कधी पित्त, एकदा तर सूनच सुधारली होती. माझ्या खात्यावर अख्ख्या जन्मात एकही नाही. आणि खरं सांगते, त्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवून बसले असताना तिथे ऊब आली होती, पाय हलका वाटला होता. ते मी आजही नाकारत नाही. फक्त दीड तास पाय लांब करून बसलं की कुणाचाही पाय हलका होतो, एवढं माझ्यातल्या त्या बयेला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. उठलीच ती. टाळ्या काय, 'हालेलुया' काय! लग्नातसुद्धा माझ्याकडे इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजून टम्म.

"तो बरा झालाय हे त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही," आमचे यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"अहो, गप्प बसा. असं बोलणं म्हणजेच शंका."

"बरं. मग शंका शेकवायला पाणी गरम करू का?"

पुढचे दोन महिने मी जे नाटक केलं त्याला तोड नाही. दुखतंय म्हणावं तर विश्वास कमी पडला, औषध घ्यावं तर देवावर भरवसा नाही. म्हणून मलम चोरून लावायचं, वर क्रेप बँडेज, त्यावर साडी, आणि मलमाचा वास येऊ नये म्हणून पावडरचा अर्धा डबा. चाळीचे जिने चढताना दर मजल्यावर थांबावं लागे. थांबायला सबब हवी म्हणून मी ज्याच्या-त्याच्या दारात खुशाली विचारायची. मी फार प्रेमळ आहे अशी चाळीत जी ख्याती आहे, ती तेव्हापासूनची. मला वाटायचं, विश्वास म्हणजे फोटो काढताना पोट आत ओढून धरतात तसं काहीतरी. श्वास सोडला की संपलं.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, करी रोडला टॉवरमध्ये मुलाकडे राहणारी. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचं काम तिचं. ती वाचायला लागली की खोकणारेसुद्धा खोकला गिळायचे. तिला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची तर थेंब रोज घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही.

गुड फ्रायडेला आम्ही पांढरी साडी नेसतो. ती घ्यायला आम्ही दोघी भर दुपारी हिंदमाताला गेलो. दुकानाच्या दारात प्लास्टिकची बाई साडी नेसवून उभी केली होती. मैत्रीण तिला जाऊन धडकली आणि म्हणाली, "माफ करा हं." मी खो खो हसले. ती हसली नाही. कोण हसतंय, कुठे हसतंय, ते शोधत राहिली.

"थेंब घालतेस ना गं?" मी विचारलं.

"बंद केले."

"कधीपासून?"

"तू उठाबशा काढल्यास ना, त्या दिवसापासून. घरी जाऊन विचार केला, हिला जमतं तर मला का नाही? बाटली टाकूनच दिली. घरात असली की मन डळमळतं."

"आणि दिसतंय कसं?"

"दिसतंय की. कडेचं जरा कमी. ती शंका असणार, जाईल."

माझंच वाक्य. मी नवऱ्याला ऐकवलेलं, तिच्या तोंडून परत आलं. तिथेच, साड्यांच्या गादीसमोर, मी साडी गुडघ्यापर्यंत वर केली आणि बँडेज सोडायला लागले.

"मावशी," दुकानदार छताकडे बघत म्हणाला, "पांढऱ्यात कॉटन दाखवू की सिल्क?"

मैत्रीण वाकली. नीट दिसेना म्हणून तिने हात लावून पाहिला. सूज हाताला लागली.

"म्हणजे तू बरी झालीच नाहीस?"

"एक दिवससुद्धा नाही."

ती गादीच्या कडेवर बसली. "मी बाटली टाकली गं," एवढंच म्हणाली.

साडी न घेता टॅक्सीने थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसून प्रार्थना केली. हॉलमधल्या सभेत माझी जी वाणी वाहत होती तिचा मागमूस नव्हता. देवा, तू ऐकतोयस की नाही मला माहीत नाही, माझं ऐकायचं तुला काही कारणही नाही, पण तिची नजर राख. बस्स, इतकीच. त्या प्रार्थनेत शंका खच्चून भरली होती, पण पावडर नव्हती. आज विचाराल तर माझ्या हिशेबी ती माझी पहिली धड प्रार्थना.

डोळ्यांतला दाब वाढला होता. उजव्या डोळ्याची कडेची थोडी नजर गेली, ती गेलीच. बाकीची थेंबांनी राहील असं डॉक्टर म्हणाले. थेंब का थांबवले, असं त्यांनी दरडावून विचारलं तेव्हा दार उघडंच होतं. "विसरले," ती म्हणाली. शास्त्रपाठ वाचणारी बाई माझ्यासाठी खोटं बोलली.

मी पाळकसाहेबांकडे गेले. माझ्या मुलाच्या वयाचे. म्हटलं, मला साक्ष परत घ्यायचीय.

"काकू, साक्ष द्यायला पुष्कळ येतात. परत घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्या." आधी हसले, मग हसू थांबलं. "तुमचं बघून आणखी कुणी औषध सोडलं असेल तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी उपासनेत मी पुन्हा उभी राहिले, अर्धी दुखण्याने लटपटत, अर्धी भीतीने. म्हटलं, गुडघा बरा झाला नाही. मी बरं झाल्याचं सोंग केलं. प्रार्थना करा, मीही करते, पण माझ्याकडे बघून कुणी गोळ्या सोडल्या असतील तर आज घरी जाऊन घ्या. टाळ्या नाहीत. मग ती दर महिन्याच्या साक्षीवाली बाई उठली, माझ्यासाठी खुर्ची आणली आणि कानात पुटपुटली, "माझी पाठ अजून दुखते, पण तू आता सांगत बसू नकोस."

नंतर पाळकसाहेबांनी गुडघ्यासाठी प्रार्थना केली, तिच्या डोळ्यांसाठी केली, आणि देवा, डॉक्टरांचे हात स्थिर ठेव, असंही मागितलं. मी आमेन म्हटलं. जुन्या पद्धतीचं, हळूच.

उपासना सुटल्यावर आवारात मैत्रीण एकटीच उभी होती. मी लंगडत तिच्यापर्यंत गेले आणि विचारलं, "रागावलीस?"

ती म्हणाली, "रागावलेच आहे. उद्यापासून माझ्या डोळ्यांत थेंब तू येऊन घालायचेस. आमच्या टॉवरला लिफ्ट आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही. आणि थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात, तेवढ्यात काय ती प्रार्थना करून घे. त्याच्यापुढे लांबवलीस तर चहा गार होतो."