बिनतारखेचा कागद

सरपंचबाई पळून गेली, ही बातमी आमच्या आळीत सकाळच्या दुधाबरोबर आली. कुणाबरोबर? दौंडच्या रेल्वेतल्या गार्डाबरोबर म्हणे! दुपारच्या चहापर्यंत त्या गार्डाला मिशाही फुटल्या. खरं एवढंच, की सरपंच मोनाली दौंडच्या दवाखान्यात होती. गर्भपिशवीचं ऑपरेशन. गार्ड कसला, उशाला सलाइन होतं.

आठव्या दिवशी ती घरी आली, तर गाव नवंच चघळत होतं. सरपंचबाईंनी राजीनामा दिला! तिला स्वतःला ते दारात, चप्पल काढताना कळलं.

झालं होतं असं. निवडीच्या दिवशी उपसरपंच हौसरावआप्पांनी देवळात भंडारा उचलून शपथ घेतली. दीड वर्ष मोनाली, मग आप्पांची सून अनुपमा. शब्द मोनालीच्या वतीनं दिला. मोनाली तेव्हा घरी साठ पानांचा स्वयंपाक करत होती. खुर्ची नवरा ज्ञानेश उबवायचा. कागद सहीला चुलीपाशी यायचे, ती पिठाच्या हातानं सह्या ठोकायची. त्यातच एक बिनतारखेचा राजीनामा होता. वर्षभरानं ती कागद वाचायला लागली, मीटिंगला स्वतः बसायला लागली. वरच्या वस्तीची पाइपलाइन तिनं अर्ध्यापर्यंत नेली. तेव्हापासून ती सगळ्यांना खुपायला लागली. घरातही.

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीचे साहेब पडताळणीला घरीच आले. आप्पा आधीच खाटेवर ठाण मांडून.

"ताई, सही तुमचीच ना?"

"तिचीच हाय," सासू झुंबरबाई मधेच बोलल्या. "पीठबी लागलंय बघा."

सगळे हसले. ज्ञानेश मोनालीच्या कानाशी वाकला. "न्हाई म्हणलीस तर ह्या घरात पाय ठिवू नगंस."

तिचे टाके अजून काढायचे होते. भिंतीला धरून ती उठली, कागद हातात घेतला. सही जुनी, विटलेली. तारीख मात्र ताज्या शाईची, ऑपरेशनच्या दिवसाची. त्यानंतर डबा घेऊन आलेला ज्ञानेश राजीनाम्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"सरपंचबाई, दिलेला शब्द पाळायचा असतोय," आप्पा म्हणाले.

माजघरात झुंबरबाई तिचे कपडे गोळा करायलाही लागल्या होत्या. मोनालीनं तिकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"लिव्हा साहेब, ह्या तारखेला मी टेबलावर बेसुद व्हते. राजीनामा मी दिलेला न्हाई. आन् आप्पा, भंडारा तुम्ही उचलला व्हता, तर राजीनामाबी तुम्हीच द्या."