धुकं नव्हे, राब

सकाळी राबाचा धूर नाकात गेला आणि उंबरमाळीजवळच्या आमच्या पाड्यावरची ती दुपार आठवली.

तेव्हा वनखातं म्हणत होतं, तुमची शेती कालची, अतिक्रमणाची. मी जमिनीच्या हक्कासाठी बाबांनी काढलेली पत्रकं वाटून चिडून घरी आले, तर टीव्हीवर जुना काळापांढरा रहस्यपट चालू. खुनी डोंगराकडे पळत होता. मागे पांढरं धुकं, भुताटकीचं संगीत.

"धुकं कसलं गो," आत्या म्हणाली, "आपला राब हाय तो. वर आपला सुळका बघ."

"आणि तो वाकलेला माणूस?"

"तुझा आजा. खुनी जवळून गेला तरी मान वर नाय केली."

सगळे हसले. मी मात्र धुराकडे बघत राहिले. पेरणीआधी राबासाठी पालापाचोळा जाळून भाजलेली आमची जमीन, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, पडद्यावर धुमसत होती. वनहक्काच्या सुनावणीत आम्ही तेच दृश्य दाखवलं.

तेव्हा मला त्यात फक्त पुरावा दिसला. आता आजा दिसतो. समोर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि त्याला राबाची काळजी होती.

जमीन आता आमच्या नावावर आहे; शेजारच्या पाड्यांसाठी पत्रकं आता मी लिहिते. आत्या तिथूनच हाक मारतेय, "पत्रकं मागनं लिव, आधी पाला आण."