काट्याला इचारा

मिस्त्री इंजिन तपासायचे ते दातांनी. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता त्यांचा. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ दातात धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस एक तर नाटकी आहे, नाही तर तंबाखू संपली म्हणून मूठ चघळतोय.

डोळे उघडले की ठरलेलं वाक्य यायचं, तेही चढ्या आवाजात. "मला काय इचारता? काट्याला इचारा."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याबाहेर माझी कोंबड्यांची दोन शेड होती आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेला रोज सकाळी अंडी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत न्याहारीची घंटा साडेसातला व्हायची. त्याआधी अंडी स्वयंपाकघरात हवीत. माझी जुनी गाडी सपाटीवर बरी चालायची, पण मागे ट्रे भरून पसरणीच्या घाटाला लागलं की धापा टाकायची. पहिल्या मेकॅनिकनं कार्बोरेटरचा स्क्रू आत पिळला, दुसऱ्यानं बाहेर. दोघंही कान लावून "आता बघा कशी पळते" म्हणाले, आणि दोन्ही वेळा मी घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून उभी. महिन्यात चौथ्यांदा उशीर झाला तेव्हा शाळेचं कोठार सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, आणखी एकदा असं झालं तर वाईचा एक जण तयार आहे." शाळेचं काम गेलं असतं तर दोन्ही शेड रिकामी करावी लागली असती. म्हणून मी कोरेगाव रस्त्यावरच्या या मिस्त्रींकडे गेले.

त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अजब प्रकार होता. सांगलीकडच्या कुठल्याशा ऑइल इंजिनच्या कारखान्यातून भंगारात निघालेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भलंमोठं चाक. गाडीचं मागचं एक चाक काढून त्या जागी ते बसवायचं, दुसरं चाक जमिनीवर दगड लावून पक्कं. बिडाच्या चाकावर जाड पट्टा, पट्ट्याची तार गाडीच्या पुढच्या बाजूला आणलेली आणि तारेच्या टोकाला गुळाच्या अड्ड्यावर असतो तसा स्प्रिंगचा वजनकाटा. इंजिन चालू करून पट्टा आवळत गेलं की घाट चढल्यासारखा भार यायचा. इंजिनात जितका जोर, तितका काटा वर. चाक तापायचं म्हणून त्याच्या कडेत पाणी सोडायचे. पाच मिनिटांत शेडमध्ये वाफच वाफ.

"मला शिकायचं नाही," मी सांगितलं. "गाडी नीट करून द्या."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मला ते आवडलं नाही.

"गाडी तुमची हाय का माजी? रोज सकाळी घाटात मी येनार हाय का? शिका, न्हाईतर घिऊन जावा."

शिकले. दुसरा इलाजच नव्हता. मी स्टिअरिंगवर बसायचं, तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा वेग चाळीसवर धरून ठेवायचा. मिस्त्री समोर उभं राहून पट्टा आवळायचे, काटा वाचायचे आणि भिंतीवर खडूची रेघ मारायचे. मग इंजिन बंद. एक गोष्ट बदलायची, एकच, आणि परत सगळं पहिल्यापासून. एकदा मी घाईत कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवला आणि टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, हलवलं. काटा चांगला दोन घरं चढला. मी खूश. मिस्त्रींनी दोन्ही होतं तिथं परत आणलं आणि भिंतीवरची रेघ पुसली.

"अहो, चांगला चढला होता की!"

"कशानं चढला?"

मी आधी कार्बोरेटरकडे बोट केलं, मग टायमिंगकडे.

"मग तुमचा न्हाई त्यो. पुन्यांदा."

उसाचे पन्नास एकर असलेले एक जीपवाले बागाईतदार तिथं नेहमी बाकावर बसलेले असायचे. त्यांना फुकटची करमणूक. "काय मिस्त्री, अंड्याचं वजन करताय व्हय काट्यावर?" आणि मला, "बाई, एवढ्या येळात कोंबडी उडत पाचगनीला गेली आसती बघा!"

चिडायचं किती जणांवर? सगळ्यात जास्त मी मिस्त्रींवर चिडायचे. गाडीत बसून काही विचारलं तर उत्तर नाही. पाठमोरे असताना विचारलं तर मान वळवणं नाही. एकदा सलग तीनदा विचारलं, "मिस्त्री, कार्बोरेटरचा जेट मोठा घालायचा का?" हे आपले कामात. शेवटी उतरून समोर गेले तर म्हणतात, "हां, आसं म्होरं यिऊन बोलावं मानसानं." लष्करात होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी मनात म्हटलं, अजून परेडच घेतायत. आणि प्रश्न कुठलाही असो, उत्तर तेच. काट्याला इचारा.

महिनाभरानं एका दुपारी काटा भिंतीवरच्या सगळ्या रेघांच्या वर गेला. टायमिंग केसभर पुढं सरकवलं होतं. मिस्त्रींनी सगळ्यात वरची रेघ अशी ठसठशीत मारली की खडू मोडला. मात्र त्या वेळी इंजिनातून एक बारीक आवाज येत होता. तापल्या तव्यावर फुटाणे उडावेत तसा, तडतड तडतड. मला तो आवडला नव्हता. पण काटा वर होता, मिस्त्री समोर उभे होते आणि त्यांनी काही म्हटलं नाही. मग मी कोण सांगणार? इतक्या वेळा ऐकलं होतं, काट्याला विचारा. काट्यालाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. घाट लागल्यावर गाडी अशी चढली की मी चक्क गुणगुणले असेन. तडतड चालूच होती. निम्म्या घाटात ती थांबली, कारण गाडीच थांबली. हेड गॅस्केट उडालं होतं. बॉनेटखालून वाफ, रस्त्यावर पाणी. एसटी थांबवून कंडक्टरच्या हातापाया पडून ट्रे वर चढवले. शाळेत पोचले तेव्हा मुलं नुसता पाव खाऊन वर्गात गेली होती. कोठारातले गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता सुट्टी लागतेय. शाळा उघडेल त्या दिवशी वेळेवर आलात तर बघू. नाहीतर नमस्कार."

एका ट्रकच्या मागे दोर बांधून गाडी साताऱ्याला आणली. शेडमध्ये मिस्त्री एकटेच, माझ्याकडे पाठ करून काहीतरी कानशीत होते. मी दारातूनच सुरुवात केली. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान वळवली नाही. तेव्हा मी पायाशी पडलेला तेलाचा रिकामा डबा लाथेनं उडवला. तो लोखंडी पिंपावर आदळला. पत्र्यावरचे कावळे उडाले. समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर आला.

मिस्त्री कानस चालवतच होते.

तिथं मला सगळं एकदम कळलं. कानाऐवजी थरथर टिपणारे दात कशासाठी, समोर येऊन बोला कशासाठी, तोंडाकडे टक लावून बघणं कशासाठी, आणि मुळात तो काटा कशासाठी. मी वळसा घालून पुढे गेले.

"मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी कानस खाली ठेवली. आधी दाराकडे बघितलं, कुणी आहे का ते.

"तोफखान्यात हुतो. एक कान तितंच ऱ्हायला, दुसरा घरी आल्यावर गेला. बाई, कुनापाशी बोलू नका. भैऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोन आनंल?"

अशा वेळी माणसानं हळवं व्हायचं असतं. मी झाले नाही. माझं काम जायच्या बेतात होतं. "पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं. "महिनाभर मी भिंतीशी बोलत होते का?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. माझं बोलणं त्यांनी लागू दिलं नाही. म्हणाले, "घाटात आवाज आला हुता का?"

"आला होता. फुटाण्यांसारखा. तडतड."

"हितं आला हुता?"

"काटा सगळ्यात वर गेला तेव्हा."

"आनि तुमी बोलला न्हाई."

"तुम्हीच म्हणता ना, काट्याला विचारा!"

मिस्त्री खाली बसले. त्यांनी काट्याकडे हात केला. "काट्याला जोर कळतो, बाई. तडतड कुटं कळती त्याला? तिनंच ग्यास्केट उडवलं. आनि पट्टा आवळाय दोन्ही हात लागत्यात. स्क्रू-ड्रायव्हर इंजनावर टेकवून दातात कवा धरू मी?"

सुट्टीभर आम्ही परत तेच केलं. त्यांनी नवं गॅस्केट बसवलं, मी स्टिअरिंगवर बसले. नियम एकच वाढला. तडतड सुरू झाली की मी उजव्या हाताचं पहिलं बोट स्टिअरिंगवरून वर करायचं. मिस्त्रींची एक नजर काट्यावर, एक माझ्या बोटावर. बोट वर गेलं की पट्टा सैल, इंजिन बंद, टायमिंग केसभर मागं. दहाव्या की बाराव्या वेळी बोट खालीच राहिलं. काटा वरच्या रेघेपेक्षा दोन घरं कमी होता. मिस्त्री भिंतीपाशी गेले, अंगठ्याला थुंकी लावली आणि ती ठसठशीत रेघ स्वतःच पुसून टाकली.

"आवगड वळनं तिसऱ्यात न्हाई घ्यायची," ते म्हणाले. "दुसरा टाकायचा. गाडीला लाज न्हाई वाटत, मानसालाच वाटती."

शाळा उघडली त्या दिवशी मी सात वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात होते. कोठारातल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं, ट्रे मोजले आणि म्हणाले, "उद्यापासून चार ट्रे जास्त आणा." वाईच्या माणसाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. दुपारी मिस्त्रींना समोर उभं राहून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि स्क्रू-ड्रायव्हर दातात धरून दुसऱ्या गाडीकडे वळले.

यानंतरची पाच-सहा वर्षं माझ्या गाडीत काही बिघाड नसताना मी दर मंगळवारी तिथं जायचे. मंगळवारी मिस्त्री काट्याची कामं ठेवायचे. लोकांच्या जीपा, टॅक्स्या, डॉक्टरांची गाडी, सगळ्यांच्या स्टिअरिंगवर मी. विचारलं तर मिस्त्री सांगायचे, "बाई शिकत्यात." बोट वर, बोट खाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच, की या बाईला वर्षानुवर्षं काही येत नाही. बागाईतदार तर सुटलेच. "बाई, आमचा थोरला वकील झाला की वो एवढ्यात! तुमची अजून पयलीच का?" साताऱ्यात मी ढ म्हणून प्रसिद्ध झाले. मला ते फार लागायचं, खोटं कशाला बोलू. अनेकदा ओठांपर्यंत आलं. मिस्त्री अशा वेळी माझ्या ओठांकडेच बघत असायचे. मग मी पाणी प्यायचे.

एका मंगळवारी गेले तर शेडला कुलूप. पुढच्या मंगळवारीही. तिसऱ्या वेळी बागाईतदार दारात भेटले. बाक आत होता, त्यामुळे उभेच होते.

"मिस्त्री गेलं, बाई. वडूजकडं गावी गेलं हुतं. रस्त्यानं चाललं हुतं कडंकडंनं. मागनं ट्रक आला. डायवर म्हनतो, हार्न वाजवला, चार डाव वाजवला, हटलंच न्हाईत." त्यांनी कुलूप ओढून बघितलं. "जल्मभर गाड्यात राबलेला मानूस. का हटलं नसतील वो?"

आता सांगून टाकायला हरकत नव्हती. मी तोंड उघडलंही. मग म्हटलं, "विचारात असतील कसल्या तरी."

"आसंल," ते म्हणाले.

ती गाडी मी पुढे विकली. आताची नवी आहे, तिचं टायमिंग कुणीतरी कानानंच लावून देतो. ओझं जास्त झालं की पसरणीच्या घाटात, वरच्या वळणांवर, कधीतरी तडतड सुरू होते. माझं बोट स्टिअरिंगवरून आपोआप वर जातं. समोर कुणी नसतं. थोडा वेळ ते तसंच राहतं, मग मी दुसरा गिअर टाकते.