नळाचं कुलूप

मी शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग आणि पोटासाठी करते सॉफ्टवेअर. इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेलमध्ये असे ढिगाने सापडतील. मलावीतल्या एका खेड्याला पाण्याची योजना आखून द्यायला स्वयंसेवक हवाय असं एका छोट्या संस्थेकडून कळलं, तेव्हा मी त्या कामावर झडपच घातली. डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत पाइप, पंप नाही, नुसता उतार. दर शनिवारी सकाळी मी किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचे. तिकडे संध्याकाळ असायची. समोर गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षीणबाई आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगणारे शाळेतले मास्तर. बाई माझ्या आईच्या वयाच्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्यांना ते आवडलं.

काम संपत आलं तशा मावशी दर वेळी विचारायच्या, "तू कधी येतेस?"

मला जायचं होतं. फार जायचं होतं. इतक्या वर्षांत मी केलेली ही एकच गोष्ट हाताला ओली लागणार होती. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. इथे राहून नोकरी करायला हरकत नाही, पण बाहेर पाऊल टाकलं की नव्या शिक्क्याशिवाय आत येता येत नाही. माझ्याच टीममधला एकजण वडील गेले म्हणून नागपूरला गेला. शिक्क्यासाठी वकिलातीत जायची तारीख पुढे पुढे ढकलली गेली आणि तो तिकडेच अडकला, बायको-मुलं इकडे. ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल तर बोलूच नये.

"तुला नाही म्हणणारा मी कोण?" नवरा म्हणाला. "पण रिस्क आहे यार. पोरीचं हायस्कूल चालू आहे."

त्याचं खरं होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मावशींना मी म्हणायचे, "येते हं. पुढच्या महिन्यात बघते." सत्यनारायणाच्या बोलावण्याला आपण असंच म्हणतो. इथल्या पॉटलकच्या जेवणालाही म्हणतो. बोलावणारीला आणि न जाणारीला, दोघींनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो आणि कुणी ताट वाढून वाट बघत बसत नाही. तोंडावर नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं.

एका शनिवारी मास्तर एकटेच दिसले. मावशी नदीवर गेल्यात म्हणाले.

"नदीवर कशाला?"

"पाणी आणायला."

"पण लाइन टेस्ट झाली ना? पाणी आलं ना?"

"छान आलं. पण समितीने ठरवलंय, नळ तुमच्या हातून सुरू करायचा. तुम्ही पुढच्या महिन्यात येताय ना? तोवर कुलूप घातलंय."

वेळ मारून नेण्यासाठी मी जे बोलत होते, त्याच्या भरवशावर एक अख्खं गाव बादल्या डोक्यावर घेऊन चढण चढत होतं.

मावशी आल्या. त्यांचा खांदा भिजलेला होता.

"मावशी, मी येऊ शकत नाही," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षीही नाही. कधी ते मलाच माहीत नाही."

मास्तरांनी सांगितलं. मावशी स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

"आजारी आहेस?"

"नाही."

"नवरा सोडत नाही?"

"तसं नाही."

"मग कुणी धरून ठेवलंय?"

"जायला कुणी अडवत नाही. परत घरी येऊ देतील का, ते माहीत नाही."

मास्तरांना ते नीट सांगायला वेळ लागला. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "येऊ देत नाहीत, तर ते तुझं घर कसं?"

फ्रिजपाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. ती इथेच जन्मली, तिला हा प्रश्न कधी कुणी विचारणार नाही.

"नळ उघडा मावशी," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासाठी थांबू नका."

त्यांनी कमरेच्या कापडाची गाठ सोडून किल्ली काढली. मास्तर फोन कशावर तरी उताणा ठेवून त्यांच्या मागे धावले. मला नुसतं आभाळ दिसत होतं. मग आरडाओरडा ऐकू आला, आणि रिकाम्या बादलीच्या तळावर पाण्याची धार पडल्याचा आवाज. बादली भरत गेली तसा तो बदलत गेला. मग दुसरी बादली, मग तिसरी.

फोनकडे कुणीच परत आलं नाही. आभाळ काळवंडून स्क्रीनवर काही दिसेनासं झालं, तरी मी कॉल चालूच ठेवला.