प्रत्येक ओळ दोनदा

"एकोणतीस," महाजन सर म्हणाले आणि मोबाइलवरचा टायमर थांबवला. "मागच्या वेळी सत्तावीस होते. सांगितलं होतं ना मॅडम, काही फरक पडणार नाही."

समोर कोमल बसली होती, तिसरीतली. मुक्ताईनगर तालुक्यातली तिची शाळा माझ्या केंद्रात येते. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचं बघते. वाचन चाचणी तशी साधी असते. मुलासमोर अनोळखी उतारा ठेवायचा, एक मिनिट लावायचं आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. तेच शब्द पुन्हा वाचले तर धरायचे नाहीत, गेलेला वेळ मात्र गेला. आकड्यावरून मुलाचा गट ठरतो: अक्षर, शब्द, परिच्छेद, सगळ्यात वर गोष्ट.

कोमलचा गट ठरला 'शब्द'. त्या गटातली बाकी सगळी मुलं पहिलीतली. चार दिवस ती त्यांच्यात बसली, पाचव्या दिवसापासून शाळेत यायचीच बंद झाली. आज तिचे आजोबा हाताला धरून तिला घेऊन आले होते आणि बाहेर व्हरांड्यात बसले होते. चार वाजता गटांची यादी कायम होणार होती. मग वर्षभर कोमल त्याच गटात, आणि माझ्या अंदाजाने, घरीच.

मी सरांची शीट बघितली. चुकीचा शब्द एकही नाही. नुसत्या पुनरावृत्तीच्या खुणा, त्याही प्रत्येक ओळीला. हे मला काही पटेना. अडखळणारं मूल अवघड शब्दापाशी अडखळतं. ही पोरगी 'शेळी झाडाखाली बसली' हेसुद्धा दोनदा वाचत होती.

"घाबरत असेल," सर म्हणाले.

घाबरलेल्या मुलाचा आवाज खाली जातो. हिचा दुसऱ्या वेळी चढत होता.

डोळे असतील, ओळ सुटत असेल, असं वाटलं. ओळीखाली पट्टी धरली. तरी दोनदाच. मग तिला उतारा मनात वाचायला सांगितला. तिने भराभर वाचून गोष्ट जशीच्या तशी सांगितली, वर शेळीचं नाव का दिलं नाही म्हणून तक्रारही केली.

"कोमल, दोनदा का वाचतेस गं?"

"तसंच वाचतात ना," ती म्हणाली. माझ्याकडे तिने असं बघितलं, जणू मलाच वाचायचं कसं ते माहीत नसावं.

तेवढ्यात तालुक्याहून आमच्या विस्तार अधिकारी साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्याच केंद्राची यादी राहिली आहे."

"एक मुलगी बाकी आहे, सर."

"एका मुलीसाठी सगळा तालुका अडवता?"

"चारपर्यंत अडवते," म्हटलं आणि फोन ठेवला. हा उद्धटपणा झाला, पण मला आता राहवत नव्हतं.

व्हरांड्यात गेले. "आबा, हिला नीट दिसतं का?"

आबा नुसते हसले. मी जवळ सरकून तेच पुन्हा मोठ्याने विचारलं आणि त्यांची मान हलायची वाट बघत थांबले.

मागून सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण दोनदा विचारलंत."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. दोघांनाही एकदमच कळलं.

"तिचे डोये बरे हायेत," आबा सांगत होते. "माहे कान गेले. रोज सकाई पेपर वाचते माह्यासाठी. केळीचे भाव, गावात कोन गेलं, समदं. एक डाव वाचलं त मले समजत नाई. मंग दुसऱ्या डाव मोठ्यानं वाचते. मी मान हालोली का पुढची ओळ."

मला लाज वाटली. पुन्हा वाचलं म्हणजे अडखळलं, हे प्रशिक्षणात प्रोजेक्टर लावून या सरांना मीच शिकवलं होतं.

आत येऊन नवा उतारा काढला. "कोमल, माझे कान चांगले आहेत. मला एकदाच वाचून दाखव."

पहिल्या ओळीनंतर ती थांबली, माझ्या मानेकडे बघत. मी मान हलवली. दुसऱ्या ओळीलाही हलवली. तिसरीपासून तिने माझ्याकडे बघणं सोडलं आणि सुसाट निघाली. मिनिट संपलं तेव्हा एकसष्ट शब्द. 'गोष्ट' गटाला पुरून उरतील एवढे.

साहेबांना फोन लावला. "नियमात बसतं का हे?" त्यांनी विचारलं.

"नियम मीच चुकीचा शिकवला होता, सर. दुरुस्त करतेय."

"तसं लेखी द्या." दिलं. चारला दहा मिनिटं कमी असताना यादी गेली. कोमलचं नाव 'गोष्ट' गटात.

ती दप्तर उचलून दारापर्यंत गेली आणि परत आली. चेहरा उतरलेला. "मॅडम, मग आबांना पण आता एकदाच वाचायचं?"

"नाही गं," मी म्हणाले. "आबांना दोनदाच."

आता प्रशिक्षणात टायमर दाखवायच्या आधी मी शिक्षकांना सांगते, मुलाला पहिल्यांदा हे विचारा की घरी कोणाला वाचून दाखवतोस. शीटवर त्याला रकाना नाही, समासात लिहा. बहुतेक मुलं म्हणतात, कोणालाच नाही. तेही लिहायला सांगते.