साळुबाईंचा आरोपी जावई

साळुबाई पिंपरी पेंढारच्या, आणि आमचं ओतूरच्या पेठेत कापडाचं दुकान. बाजाराच्या दिवशी माळवं विकून झालं की बाई आमच्या गादीवर येऊन टेकायच्या. टेकल्या की पहिलं विचारायच्या, "शेठ, त्याचं काय झालं?"

'तो' म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतला जावई. सासूचे पाय चेपणारा, कधी आवाज न चढवणारा. त्या नटावर हॉटेलात मारामारी केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि साळुबाईंना घास गोड लागेना. मी म्हटलं, "अहो, नट तो! गेला उडत." तर मलाच झापलं, "चेतनाभाभी, तुमी गप ऱ्हावा. माझं काळीज तुटतंय हितं."

माझे सासरे प्रेमचंदशेठ, आमचे बाबूजी, पेपर पार शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. चष्मा चढवून ते एकेक शब्द फोडून सांगायचे. गुन्हा दाखल म्हणजे तक्रार आली, पोलिसांनी लिहून घेतली. जामीन म्हणजे निर्दोष ठरला असं नाही, आणि दोषी ठरला असंही नाही. साळुबाई मान डोलवत ऐकायच्या आणि शेवटी आपल्या हिशोबानं लावून घ्यायच्या, "म्हंजी गाडा नुसता घाटात आलाय. पळायचाय अजून." घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी; आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत बसवल्याशिवाय कुणाला काही पटतच नाही, त्याला बाबूजी तरी काय करणार!

पुढं पुढं बाई वकीलच झाल्या. दुकानात कुणी त्या नटाला शिव्या घातल्या की पदर खोचून उभ्या. "तू व्हतास का तिथं? केस कसली, कुणी केली, निकाल लागला का, इचारलंस? न्हाई ना? मग त्वांड आवर!" एक गिऱ्हाईक तर कापड तसंच टाकून उठून गेलं. माझा असा संताप झाला! पण बाई लाख माणूस, काय बोलणार?

त्याच साळुबाईंनी, बरं का, लेकीच्या साखरपुड्याची साडी परत आणली. पिशवी गादीवर आदळली. "घ्या ही माघारी. मोडलं."

स्नेहलचं ऋषीशी ठरलं होतं. मुलगा घोडेगावकडचा, घरची शेती, गोठा. दोघं ओतूरला कॉलेजात बरोबर होती, आणि पोरगी त्याच्यावर जीव टाकत होती. साडी निवडताना तिचं तोंड बघितलं होतं ना मी!

"पोरावर पोलीस केस हाय," साळुबाई म्हणाल्या. "भावकीत कळलं. असला जावई नगं मला."

मागं स्नेहल उभी. डोळे रडून सुजलेले. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण बाबूजींनी हातानं थांबवलं.

स्नेहल हळूच म्हणाली, "आई, त्या नटासाठी तू लोकांना काय विचारायचीस गं?"

"काय म्हंजी? केस कसली, कुणी केली..." साळुबाई सवयीनं बोलून गेल्या आणि जीभ चावून लेकीकडं वळल्या. "बरं, सांग. कसली?"

"कधीची सांगतेय, तू ऐकतेस कुठं? शर्यतींवर बंदी होती तेव्हा मामाच्या गावच्या यात्रेत गाडे पळवले ना, तेव्हाची. हा गाड्यापुढं घोडी पळवत होता. पोलीस आले तसे सगळे पळाले. घोडी बिथरली, तिला सोडून हा पळाला नाही, म्हणून सापडला."

"मामाच्या गावच्या?" साळुबाई गादीच्या काठावर टेकल्या. "आगं बया! तवा गाडं सोडायचं निशाण तर तुझ्या बापाच्या हातात व्हतं!"

"होतंच. पोलिसांनी ऋषीला विचारलं, निशाण कुणाकडं होतं. त्यानं बाबांचं नाव सांगितलं नाही."

साळुबाईंनी पदरानं तोंड पुसलं, साडीची पिशवी हळूच मांडीवर ओढून घेतली.

"भाभी, ह्या साडीला फॉल लावून द्या. आन् जावयाला मापानं शर्टाचं कापड काढा, चांगलं भारीतलं."

बाबूजींना वाटलं, आता बाईंचा नेहमीचा प्रश्न येणार. त्यांनी पेपर उघडला. "साळुबाई, त्या नटाला पुढची तारीख मिळाली बरं का."

"ऱ्हाऊ द्या, शेठ," साळुबाई म्हणाल्या. "त्याचं बघंल त्याची सासू."