आईच्याच हातात अडकणारी गाडी

आमचे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, इतके उंच आहेत की लग्नाच्या निम्म्या फोटोंत त्यांचं डोकंच आलेलं नाही. ताई म्हणते, उरलेल्या निम्म्या फोटोंतही डोकं असून नसल्यासारखंच होतं, कारण सगळं लक्ष बाहेर चालू असलेल्या गाडीच्या आवाजाकडे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यातही विजेचं काम त्यांचं खास, म्हणजे सेन्सर, वायरी आणि कुठला गिअर कधी टाकायचा हे ठरवणारा तो छोटा कॉम्प्युटर. त्याला ते गिअरबॉक्सचा मेंदू म्हणतात आणि त्याच्याशी आमच्यापेक्षा जास्त बोलतात.

गॅरेज घराच्या मागेच आहे. वर पत्रा, खाली तेलाने काळी पडलेली फरशी, एका भिंतीला टेबल आणि टेबलावर असा पसारा की ताईने तिथे पाय ठेवायचं कधीच सोडलंय. भावोजी मात्र त्या पसाऱ्यातून डोळे मिटून हवा तो स्क्रू काढतात. गळ्यात कायम वीज मोजायचा मीटर लोंबत असतो. दुसरे मेकॅनिक गाडी आली की आधी पाना उचलतात आणि मग "गिअरबॉक्स गेला, बदला" म्हणून मोकळे होतात. भावोजींना याचा भयंकर राग. "आधी वीज बघायची, मग तेल, आणि पाना सगळ्यात शेवटी," हे वाक्य त्यांनी लग्न ठरवायला आले तेव्हाही म्हटलं होतं. त्या दिवशी ते एवढंच बोलले, असं आई सांगते.

गिऱ्हाइकाची तक्रार ते नीट ऐकून घेतात, मग किल्ली मागतात, गिऱ्हाइकाला शेजारी बसवतात आणि गाडी स्वतः चालवून बघतात. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ते बसतच नाहीत. बसलेच तर उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो आणि चेहरा खडूसारखा पांढरा होतो. ताईसुद्धा उत्तम गाडी चालवते, पण तिच्या शेजारी बसण्यापेक्षा हा माणूस बसने येतो.

अशा माणसाच्या सासूची गाडी बिघडली. म्हणजे आमच्या आईची.

आईचा डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे क्लच दाबायचा प्रश्नच येत नाही. ही जुनी ऑटोमॅटिक गाडी होती म्हणून आई भाजी आणायला, वाचनालयात आणि मैत्रिणींकडे भांडायला स्वतःची स्वतः जाऊ शकत होती. उंचीने ती भावोजींच्या कोपराला लागते. सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला बिलगून बसते. समोरून पाहणाऱ्याला गाडी आपोआप चाललीय असं वाटतं, पण आई चालवते मात्र झोकात.

तर ही गाडी चालता चालता एकदम जड व्हायला लागली. समोरचा गिअरचा आकडा विझायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची आणि सिग्नलला थांबल्यावर पुन्हा निघताना असं काही कण्हायची की मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. आईने सांगितल्याबरोबर भावोजी किल्ली घेऊन निघाले. गाडी लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशीही तेच. मेंदूने नोंदलेल्या चुका वाचणारा स्कॅनर त्यांनी लावला, एकही चूक नोंदलेली नाही. सेन्सर काढून पुसले, तेल बदललं, गिअरबॉक्सपाशी जाणारी एकूण एक वायर मीटरने तपासली. आमच्या दादाने चालवून पाहिली, तेव्हाही काही नाही. आई बसली की मात्र बाजारापर्यंत जाईतो गाडी रुसलेली.

शेवटी एकदा जेवताना भावोजींनी मान खाली घालून निकाल दिला, "गाडीत दोष नाही."

त्यांना म्हणायचं होतं ते फक्त गाडीबद्दल. पण आमचा दादा असली वाक्यं अर्धवट सोडणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, "मग दोष कुणात आहे ते उघड आहे. आई, तुझा पाय चुकतो. ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबत असशील. आता वय झालं तुझं." आणि त्याच आठवड्यात त्याने गाडीला गिऱ्हाईकही शोधलं. रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार होतं.

मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमची आई टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशीसुद्धा वाद घालते. दादाशी तिने वाद घातला नाही. "बघा तुम्हाला काय योग्य वाटतं ते," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

शनिवारी सकाळी ताईचा पारा चढला. "अहो, पेशंटला ताप घरी येतो आणि तुम्ही तपासता दवाखान्यात! आईच्या शेजारी बसून जा ना एकदा."

"मी?" भावोजी म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"नाहीतर मी जाते आणि मीटर मी धरते."

मीटरला कुणी हात लावणार म्हटल्यावर नाइलाज झाला. आई स्टिअरिंगवर, भावोजी शेजारी, मांडीवर गाडीच्या मेंदूला जोडलेला लॅपटॉप, एक हात वरच्या कडीला. मी मागे बसले. असला तमाशा सोडते होय मी?

पहिल्या वळणावर भावोजींनी डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर आई म्हणाली, "जावईबापू, श्वास घ्या. तो फुकट असतो." बाजाराच्या अलीकडे गाडीने एक आचका दिला, समोरचा आकडा विझला आणि इंजिन घुमायला लागलं.

"आला! आला!" भावोजी ओरडले. इतकं मोठ्याने ते ताईला मुलगी झाली तेव्हाही ओरडले नव्हते. "आई, शाब्बास! थांबवू नका, चालू द्या!"

"इथे माझा जीव जातोय आणि तुम्हाला शाब्बास सुचतंय?" आई भडकली. मला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी ती कुणावर तरी भडकली होती.

लॅपटॉपचा पडदा कोराच होता. मेंदू काही बोलतच नव्हता, कण्हत नव्हता की चूक सांगत नव्हता. भावोजींनी गाडी कडेला घ्यायला लावली, आईला खाली उतरवलं आणि स्वतः बसायला गेले. बसता बसता नेहमीच्या सवयीने सीटखालच्या दांडीला हात घातला आणि सर्रकन सीट मागे घेतली. समोरचा आकडा लख्ख पेटला.

भावोजी तसेच बसून राहिले. मग त्यांनी सीट पुन्हा पुढे ओढली. आकडा विझला. मागे घेतली, पेटला. पुढे, विझला. खात्री करायची म्हणून त्यांनी सीट पार पुढे ठेवली आणि गुडघे कानाशी, स्टिअरिंग छातीत, अशा घडी घातलेल्या अवस्थेत गाडी घरापर्यंत चालवली. तिसऱ्या गिअरमध्ये, कण्हत. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. मी हसून हसून आडवी झाले, आणि आईने तोंडाला पदर लावला.

गॅरेजमध्ये त्यांनी सीट सोडवली आणि खालचा गालिचा उचलला. गिअरबॉक्सचा मेंदू या गाडीत तिथेच असतो, सीटखाली. त्याला वीज नेणारी वायर तिच्या पट्टीतून निसटून सीटच्या रुळाखाली गेली होती. सीट पुढे असली की रूळ तिला ओढून धरायचा, रस्त्यातल्या हादऱ्यांनी घासून घासून तुटत आलेली तार सुटायची आणि मेंदूचीच वीज जायची; आज तर ती नुसत्या ओढीनेच सुटत होती. मग चूक नोंदवणार कोण?

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ताई दारातून म्हणाली. "प्रत्येक वेळी बसायच्या आधी सीट मागे! दादाचंही तेच. तुमचे पाय बघता गाडीला बिघडायला जागाच कुठे होती?"

तुटकी वायर कापून भावोजींनी नवा तुकडा जोडला, वर नळी चढवली आणि रुळापासून लांब पक्की बांधली. आईला बोलावून सीट पुढे-मागे करून दाखवली. आकडा काही विझला नाही. आईने कापलेला तुकडा हातात घेतला आणि चष्मा वर करून बघत राहिली.

तेवढ्यात दादा आला, बादली आणि फडकं घेऊन. उद्याच्या गिऱ्हाइकासाठी गाडी धुवायची होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "वा! म्हणजे आता किंमत चांगली येईल."

भावोजी सीटखाली वाकलेले होते, तिथूनच म्हणाले, "दादा, ही गाडी माझ्या हातात अडकली असती, तर तुम्ही मला म्हणाला असता का, वय झालं, सोडा आता?"

दादाने बादली खाली ठेवली. भावोजी आमच्या घरात कुणाला उलटून बोललेले त्याने कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

"चूक माझी आहे," भावोजी पुढे म्हणाले. "आई सांगत होत्या ते खरं होतं. मी त्यांच्यासारखा बसून बघितलंच नाही."

आई त्या तुकड्याकडेच बघत होती. "मी डॉक्टरकडे जाऊन आले," ती म्हणाली. "डोक्याच्या. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, सगळे म्हणतायत तर खरंच माझं काही बिघडलं असेल. त्यांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि म्हणाले, काहीही झालेलं नाही. माझा विश्वासच बसला नाही. घरी येऊन मी तेच आकडे रोज स्वतःशी म्हणून बघत होते."

दादाने खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून गिऱ्हाइकाला सांगितलं की गाडी विकायची नाही.

वायरीचं काम केव्हाच संपलं होतं. तरी भावोजी बराच वेळ सीटखाली वाकूनच राहिले, आणि ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.